जाड रेघ

"भार आघूर्ण निर्देशकाचे कार्य काय आहे?"

मी मोबाइलवरचा प्रश्न वाचला. समोर पलंगावर मांडी घालून आप्पा बसले होते. हातात चहा, कानावर पेन. पेन लागणार नव्हतं, परीक्षा टॅबवर होती. पण परीक्षा म्हटल्यावर पेन हवंच, असं त्यांचं म्हणणं.

"परत वाच."

परत वाचला.

"आघूर्ण म्हंजी?"

चार वर्षं इंजिनिअरिंग करून मलाही थांबावं लागलं. मग डोक्यात इंग्रजी शब्द लागला. "अहो आप्पा, एलएमआय. तुमच्या केबिनमध्ये तो डबा नाही का, हिरवा-पिवळा-लाल दिवा लागतो..."

"कंप्युटर!" आप्पा एकदम खूश. "मग सरळ कंप्युटर म्हनावं की. आघूर्ण काय! राक्षसाचं नाव वाटतंय पोथीतल्या."

आप्पा क्रेन ऑपरेटर आहेत. वय ५४. मंगळवेढ्याच्या बाजूच्या गावातून १९९३ मध्ये ते भोसरीला आले, तेव्हापासून क्रेनवर. आधी खलाशी, मग ऑपरेटर. भाड्याने क्रेन देणाऱ्या एका मालकाकडे गेली अठरा वर्षं आहेत. चाकणला, तळेगावला, रांजणगावला ज्या कंपन्यांच्या पाट्या तुम्ही हायवेवरून जाताना वाचता, त्यांतल्या कितीतरी शेडचे पोलादी खांब आप्पांनी उभे केलेत. आणि या एवढ्या वर्षांत त्यांच्याकडे 'यांना क्रेन चालवता येते' असं सांगणारा एकही कागद नव्हता.

गेल्या वर्षी दिवाळीआधी मालकाला एक मोठं काम मिळालं. त्या साइटच्या सेफ्टीवाल्यांनी अट घातली: क्रेनची तपासणी झाल्याचा कागद पाहिजे आणि ऑपरेटरचाही कागद पाहिजे. क्रेनचा होता. आप्पांचा नव्हता.

"लायसन आहे की," मी म्हणाले.

"ते गाडीचं," आप्पा म्हणाले.

तोवर मला हा फरक माहीतच नव्हता. घरात क्रेन ऑपरेटर, मी इंजिनिअर, आणि मला वाटायचं की आरटीओचं लायसन म्हणजे झालं. आरटीओ बघतं ते वाहन. ही पिवळी अवजड गाडी रस्त्यावरून नीट नेता येते का, वळवता येते का, सिग्नलला थांबता येते का. गाडी साइटवर पोचली, चार पाय पसरून उभी राहिली आणि बूम वर गेली, की पुढचं सगळं त्या लायसनच्या बाहेरचं. हुकाला काय लटकलंय, किती लटकलंय आणि कुणाच्या डोक्यावर लटकलंय, हा त्या खात्याचा विषयच नाही. बांधकामावरची टॉवर क्रेन किंवा कारखान्यातली छताखालून धावणारी क्रेन तर रस्त्यावर येतच नाही, मग लायसन कसलं?

कायदा नाही असं नाही. बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा केंद्रीय कायदा २०२५ पर्यंत होता, त्याचे १९९८ चे नियम होते. भार उचलणारं यंत्र चालवणारा अठरा वर्षांवरचा हवा, सक्षम आणि भरवशाचा हवा, कामातले धोके त्याला माहीत हवेत, त्याची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, असं त्यांत लिहिलेलं होतं. कारखान्यांच्या १९४८ च्या, २०२५ पर्यंत लागू असलेल्या कायद्यात उचलणाऱ्या यंत्राची दर बारा महिन्यांत एकदा तरी कसून तपासणी करायला सांगितली होती. यंत्राची तपासणी झाली की कागद मिळतो. माणूस 'सक्षम आणि भरवशाचा' आहे हे मात्र बहुतेक वेळा मालकाने मान डोलावली की ठरतं. आप्पांच्या बाबतीत ती मान २००६ मध्ये एकदा डोलावली गेली, ती अजून डोलतेच आहे.

बाहेरच्या देशांत यावर बरंच रामायण झालंय. अमेरिकेत २०१० मध्ये नवे नियम आले, आणि बांधकामावरच्या क्रेन ऑपरेटरला प्रमाणपत्राची सक्ती प्रत्यक्षात लागू व्हायला नोव्हेंबर २०१८ उजाडलं. लेखी परीक्षा, लोड चार्टवरचे प्रश्न, प्रत्यक्ष क्रेनवरची परीक्षा, आणि पाच वर्षांनी सगळं पुन्हा. सिंगापूरला तर मंत्रालयाकडे नोंदणी झाल्याशिवाय केबिनमध्ये चढता येत नाही. आप्पांच्या बरोबरचे दोघे जण आखातात गेले, त्यांना तिकडे उतरल्यावर पहिल्यांदा परीक्षा द्यावी लागली. त्यातला एक नापास झाला आणि तीन महिने खलाशी म्हणून राबला. आप्पा ही गोष्ट हसत सांगायचे. यंदा सांगितली नाही.

आपल्याकडे आता सोय झालीय ती अशी: इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल नावाची एक संस्था आहे. क्रेन, जेसीबी, पोकलेन, ग्रेडर अशा यंत्रांच्या ऑपरेटरांनी काय काय यायला हवं, याची तिने यादी केलीय आणि त्यावर परीक्षा असते. नवीन पोरांसाठी कोर्स आहेत. आणि आप्पांसारख्यांसाठी आरपीएल आहे, म्हणजे ज्याला काम आधीच येतं त्याच्या येण्याला मान्यता. थोडं समजावून सांगतात, मग लेखी, तोंडी, प्रत्यक्ष. मालकाने चौदा जणांची नावं दिली. आप्पांचं सगळ्यात वर, कारण सगळ्यात जुने.

नववी नापास माणसाला ५४ व्या वर्षी परीक्षा. शिकवायला मी. सरावाचे प्रश्न मालकाच्या मुलाने व्हॉट्सअॅपवर पाठवले होते. कुणीतरी इंग्रजीतून मराठीत उतरवलेले, म्हणून तो आघूर्ण.

*

आप्पा शिकले कसे, हे मला या निमित्ताने पहिल्यांदा नीट कळलं.

खलाशी म्हणजे क्रेनचा हमाल, असं समजा. स्लिंग वाहायच्या, शॅकल लावायचे, जॅकखाली लाकडी स्लीपर रचायचे, ग्रीस मारायचं, केबिनची काच पुसायची, उस्तादचा डबा आणायचा. क्रेनच्या कांड्यांना हात लावायचा नाही. दोन वर्षं आप्पांनी हात लावला नाही. उस्ताद जेवायला बसला की केबिनच्या पायरीवर उभं राहून नुसतं बघायचे, कुठली कांडी कशाची. एक दिवस उस्ताद म्हणाला, "बस." ते झालं अॅडमिशन. फी नाही, फॉर्म नाही. पहिला धडा: रिकामा हुक खाली सोडायचा आणि जमिनीवर ठेवलेल्या चहाच्या ग्लासाला टेकवायचा. ग्लास फुटला की त्या दिवसाचा सगळ्यांचा चहा शिकणाऱ्याच्या पैशाने. आप्पांचे म्हणे अकरा ग्लास फुटले.

शब्दही तिथलेच. वर घ्यायचं म्हणजे 'हबीस', खाली सोडायचं म्हणजे 'आरिया'. मी लहानपणी झोक्यावर बसले की आप्पा खालून ओरडायचे, "हबीस, हबीस!" मला ते आमच्या गावाकडचं काहीतरी वाटायचं. परवा शोधलं, तर हे खलाशांचे, जहाजावरचे शब्द निघाले. पोर्तुगीज भाषेत 'आरियार' म्हणजे शीड किंवा ओझं खाली उतरवणं. समुद्रावरून बंदरात, बंदरातून गोदामात आणि तिथून भोसरी एमआयडीसीत. 'खलाशी' हा शब्दही तसाच जहाजावरून उतरून आलाय. आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "मग? मला वाटलं उस्तादनंच काढलेत."

लेखी परीक्षेत आप्पांना जे येत होतं ते झोपेतही येत होतं. हाताच्या खुणांचे प्रश्न आले की ते पर्याय वाचायच्या आधी खूण करून दाखवायचे. हात सरळ, अंगठा वर: बूम उचला. अंगठा खाली: बूम उतरवा. दोन्ही हात पसरून आडवे हलवले: तातडीने थांबा. 'खूण कुणाची मानावी?' याचं उत्तर, नेमलेल्या एकाच सिग्नलमनची. 'थांबण्याची खूण कुणाची मानावी?' याचं उत्तर, कुणाचीही. इथे बाकीचे ऑपरेटर चुकतात म्हणे. आप्पांना विचार करायला लागला नाही. "चहावाल्या पोरानं हात आडवा केला तरी थांबायचं. त्याला काय दिसलं ते आपल्याला काय ठाव?"

स्लिंगच्या कोनाचं तर त्यांनी मला शिकवलं. एक टन माल दोन स्लिंगांनी उचलला, तर प्रत्येक स्लिंगवर अर्धा टन येतो, असं आपल्याला वाटतं. स्लिंग उभ्या असतील तरच ते खरं. जसजशा त्या आडव्या पसरत जातील तसा ताण वाढतो, आणि आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन झाला की प्रत्येक स्लिंगवर अख्खा एक टन. माझ्या मेकॅनिक्सच्या पुस्तकात हे साइन थीटा वगैरे लावून होतं. आप्पांचं सूत्र असं: "टोपी दिसली तर उचल, पापड दिसला तर सोड." मी कॅल्क्युलेटरवर ताडून बघितलं. टोपी बरोबर होती.

मग आला लोड चार्ट.

*

हे जरा नीट सांगते, कारण सगळं इथेच आहे.

क्रेनवर '४० टन' असं लिहिलेलं असतं. ते अर्ध्याहून जास्त खोटं असतं. ४० टनी क्रेन ४० टन उचलते ती बूम सगळ्यात आखूड असताना, चारही पाय पूर्ण पसरलेले असताना, आणि माल अगदी कुशीत, क्रेनच्या मध्यापासून तीनेक मीटरवर असताना. हाच माल लांब नेला की ताकद भराभर गळते. वीस मीटरवर तीच क्रेन जेमतेम दोन-तीन टनांची उरते. भरलेली घागर कडेवर घेता येते, हात लांब करून धरता येत नाही, तसंच. किती अंतरावर, किती लांब बूमला, किती टन, याचा आकड्यांनी भरलेला तक्ता म्हणजे लोड चार्ट. त्यातूनही हुकाचं वजन, स्लिंगांचं, शॅकलचं वजन वजा करायचं असतं. क्रेनला काय, सगळंच ओझं.

आप्पांना चार्ट वाचता येत होता. इंग्रजी आकडे, मीटर, टन, सगळं. मी चाचणीसाठी त्यांच्याच क्रेनच्या चार्टची झेरॉक्स काढली होती. पाच-सहा उदाहरणं सोडवली, सगळी बरोबर. मग मी सहज विचारलं, "आप्पा, ही मधली जाड रेघ कशाची?"

तक्त्याच्या मधून एक जाड रेघ जाते. सरळ नाही, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. वरचे आकडे वेगळे, खालचे वेगळे.

आप्पांनी झेरॉक्स जवळ घेतली, चष्मा लावला. "छापताना पडली आसंल."

मला वाटलं चेष्टा करतायत. करत नव्हते. एकतीस वर्षं ती रेघ त्यांच्या केबिनमध्ये चिकटवलेली होती.

मी वाचून सांगितलं. रेघेखालचे आकडे तोलाचे आहेत. तिथे जास्त उचललं तर क्रेन पुढे कलंडेल, म्हणून ती मर्यादा. आणि छापलेला आकडा मुद्दाम कमी ठेवलेला असतो. ज्या भाराला क्रेन खरंच कलंडेल, त्याच्या ७५ किंवा ८५ टक्के, त्या त्या प्रमाणाप्रमाणे. रेघेवरचे आकडे मात्र पोलादाचे. माल जवळ आहे, क्रेनचा तोल मजेत सांभाळला जाईल, पण बूम, तिचा जॅक, फिरणारी चकती, यांतलं काहीतरी आधी तुटेल.

आप्पा काही बोलले नाहीत. चहा घेतला. मग विचारलं, "म्हंजी वरच्या बाजूला मागचा पाय उचलत न्हाय?"

"नाही."

"आधी मोडतं?"

"आधी मोडतं."

हे समजण्यासाठी आणखी एक गोष्ट माहीत हवी. जुने ऑपरेटर चार्टवर चालत नाहीत, बुडावर चालतात. म्हणजे सीटवर बसल्या बसल्या त्यांना कळतं की मशीन हलकी व्हायला लागलीय. माल वितभर उचलायचा आणि मागच्या जॅककडे बघायचं. पाय घट्ट बसलाय, तर चला. पाय सुटायला लागलाय, तर आरिया. उस्तादने आप्पांना हेच शिकवलं, आप्पांनी पुढे चार पोरांना हेच शिकवलं. रेघेखाली यानं खरोखरच जीव वाचतो. मोठ्या अंतरावर क्रेन आधी कानात सांगते. रेघेवर ती काहीच सांगत नाही. पाय रोवलेले, मशीन गप्प, सगळं ठीक वाटतं, आणि मग आवाज होतो.

म्हणून तर तो कंप्युटर असतो. बूमची लांबी, कोन आणि दाब मोजून तो किती भार किती अंतरावर आहे ते काढतो, आतल्या चार्टशी ताडतो, आणि मर्यादा आली की लाल दिवा लावून हालचाल बंद करतो. फक्त धोका कमी होईल तिकडेच जाऊ देतो. अर्थात हुकाला दोरीचे किती पदर लावलेत, पाय किती पसरलेत, हे त्याला आपणच सांगायचं असतं, आणि चुकीचं सांगितलं तर तो तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचं बोलतो. (या स्वभावाची सॉफ्टवेअर मी रोज लिहिते.) आणि त्याला गप्प करायची एक किल्ली असते. बायपास. ती असायला कारण आहे. सेन्सर बिघडला आणि बूम वरच अडकली, तर खाली आणायला लागते. पण आप्पांच्या जुडग्यात घराची किल्ली, मोटरसायकलची किल्ली आणि त्यांच्यामध्ये ही बारकी किल्ली, असं मी लहानपणापासून बघतेय. मला ती कपाटाची वाटायची.

"कितीदा वापरता?" मी विचारलं.

"कंप्युटर लई वरडतो," आप्पा म्हणाले. "पाय हलत न्हाय, आन् ह्यो वरडतो."

मग उठून बाहेर गेले. आईने आतून विचारलं, "काय झालं गं?" मी म्हणाले, काही नाही, ब्रेक.

*

रात्री साडेदहाला आप्पांनी मला परत हाक मारली. मी लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत होते.

"बाय, जुन्या क्रेनचा चार्ट नेटवर मिळतो का?"

"कुठल्या?"

त्यांनी नाव सांगितलं. वीस टनी, ट्रकवर बसवलेली. त्या कंपनीचा तसा माल आता कुणी वापरत नाही. अर्ध्या तासाने एका परदेशी जुन्या मशीनवाल्याच्या पानावर स्कॅन सापडलं, तिरकं, कोपऱ्यात कुणाच्या तरी अंगठ्याची सावली. आप्पांनी ते मोठं करायला लावलं, आणखी मोठं.

मग सांगितलं.

१९९७. मी दहा महिन्यांची. भोसरीतल्या एका बंद पडलेल्या शॉपमधून जुना प्रेस बाहेर काढायचा होता. उस्ताद केबिनमध्ये, आप्पा सिग्नलला, पलीकडच्या गावचा एक खलाशी स्लिंगपाशी. प्रेसच्या पट्टीवर वजन लिहिलं होतं १२ टन. पण वरची मोटर काढलेली नव्हती, खालचा डाय तसाच होता. उस्तादने विचारलं, किती? सुपरवायझर म्हणाला, पट्टीवर आहे तेवढंच. माल क्रेनच्या जवळच होता, चार मीटरच्या आसपास. उस्तादने वितभर उचलला, मागे बघितलं. आप्पांनीही बघितलं. पाय पक्के. आप्पांनी बोट वर करून गोल फिरवलं. हबीस.

बूम मधूनच दुमडली. तो खलाशी तिथे, प्रेसच्या बाजूला उभा होता.

हे त्यांनी मला कधी सांगितलेलं नव्हतं. आईला माहीत होतं. पोलीस आले, पंचनामा झाला, क्रेन जुनी होती, बूमला आधी वेल्डिंग केलेलं होतं. सगळ्यांनी मिळून ठरवलं की बूम खराब होती. उस्तादने त्यानंतर क्रेन सोडली, गावाकडे गेला. आप्पांनी आठ महिने दुसरं काहीतरी केलं, भाजीच्या टेम्पोवर, मग परत आले. "पाय उचलला आसता तर मी हात आडवा केला आसता," असं ते इतकी वर्षं स्वतःला सांगत आले होते. पाय उचलला नव्हता, म्हणजे माल जास्त नव्हता, म्हणजे बूमच खराब. हिशेब चुकता.

स्क्रीनवर चार मीटरच्या ओळीत, आखूड बूमखाली आकडा होता १३. जाड रेघेच्या वर.

आप्पांनी कानावरचं पेन काढलं. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला बारा लिहिले. खाली मोटर, अंदाजे. खाली डाय, अंदाजे. हुक. स्लिंगा. बेरीज पंधराच्या वर गेली. परत केली. मी म्हणाले, "आप्पा, अंदाज आहे हा. वेल्डिंग पण होतं ना."

"व्हय," ते म्हणाले. "वेल्डिंग बी होतं."

मला तेव्हा वाटलं की मी ती रेघ विचारायला नको होती. परीक्षेत तो प्रश्न आलाही नसता. चार दिवसांत कागद मिळाला असता, मोठी साइट मिळाली असती, आणि १९९७ जिथे होतं तिथेच राहिलं असतं. आणि दुसऱ्याच क्षणी ती बारकी किल्ली आठवली. सोमवारी सकाळी हा माणूस परत त्या केबिनमध्ये बसणार होता, पाय बघत, कंप्युटर गप्प करून, आणि खाली बावीस-तेवीस वर्षांचा कुणीतरी पोरगा स्लिंग धरून उभा असणार होता.

*

परीक्षा मालकाच्याच यार्डात झाली. मी रजा टाकून गेले होते, गाडी लावायला जागा नाही म्हणून रस्त्यापलीकडे उभी होते. लेखी अर्ध्या तासात आटोपली. मग प्रत्यक्ष. आधी क्रेनभोवती फेरी: टायर, तेल, दोरी, हुकाची कडी, हुक वर जाऊन बूमला धडकू नये म्हणून असलेला स्विच. बऱ्याच जुन्या क्रेनवर हा स्विच तारेने बांधून ठेवलेला असतो. तिथे नव्हता, कदाचित परीक्षा होती म्हणून. मग काँक्रीटचा ठोकळा उचलायचा, दोन ओळींत उभ्या केलेल्या बांबूंमधून वाकडातिकडा न्यायचा, चुन्याने काढलेल्या वर्तुळात ठेवायचा. ठोकळा झुलला किंवा बांबू पडला तर मार्क गेले.

आप्पांचा ठोकळा झुललाच नाही. मी पहिल्यांदा त्यांना काम करताना बघत होते. अठ्ठावीस वर्षांची झाले तरी कधी बघितलं नव्हतं. कॉलेजात असताना कुणी विचारलं तर 'बाबा ऑटोमोबाइल लाइनमध्ये आहेत' असं मी सांगायचे. काँक्रीटचा तो ठोकळा एखाद्या झोपलेल्या मुलाला अंथरुणावर ठेवावं तसा वर्तुळात टेकला. बाजूला उभी असलेली पोरं मोबाइलवर शूटिंग करत होती.

तोंडी परीक्षेत त्यांना काय विचारलं ते नंतर कळलं. परीक्षक तरुण होता, डिप्लोमावाला. त्याने चार्ट पुढे ठेवून एक साधं उदाहरण विचारलं, आप्पांनी सांगितलं. मग आप्पांनी त्यालाच विचारलं, "साहेब, ही जाड रेघ तुम्ही सगळ्यांना विचारता का?" तो म्हणाला, वेळ असेल तर. आप्पा म्हणाले, "आज वेळ काढा. ह्या तेरा जणांला विचारा."

त्याने विचारलं. तेरापैकी दोघांनी सांगितलं. दोघंही कोर्स करून आलेली नवी पोरं, ज्यांना ठोकळा धड ठेवता आला नव्हता.

कागद दोन महिन्यांनी आला, पीडीएफ, त्यावर फोटो आणि क्यूआर कोड. आईने प्रिंट काढून आणायला लावली आणि लॅमिनेट करून गणपतीच्या फोटोशेजारी लावली. आप्पांनी एकदा बघितलं, नावात 'शंकरराव'चं 'शंकराव' झालंय म्हणाले, आणि सोडून दिलं. केबिनमध्ये चार्टची नवी झेरॉक्स लावलीय. त्यावर मी लाल स्केचपेनने रेघ गिरवून दिलीय, जरा वाकडी.

बायपासची किल्ली आता मालकाच्या टेबलाच्या खणात असते. हवी असेल तर वहीत तारीख, वेळ, कारण लिहून सही करायची, असं आप्पांनी मालकाच्या गळी उतरवलं. मालक म्हणाला, कामं अडतील. पहिल्याच महिन्यात एक अडलंही. आप्पांनी उचलायला नाही म्हटलं, साइट इंजिनिअरने आरडाओरडा केला, आणि दुसरी मोठी क्रेन येईपर्यंत चार तास सगळे उन्हात बसून राहिले. त्या चार तासांचं भाडं कुणी द्यायचं यावरून अजून वाद चाललाय.

संक्रांतीला आम्ही गावी गेलो होतो. उस्तादचं गाव तिथून पंचवीस किलोमीटरवर. आता पंचाहत्तरीचे आहेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. आप्पांनी तिळगूळ दिला, पाया पडले. परीक्षा दिल्याचं ऐकून उस्ताद खूप हसले, खोकला येईपर्यंत. "तुझी परीक्षा? घेणारा कोण होता?" मग म्हणाले, "काय विचारलं?"

आप्पांच्या शर्टाच्या खिशात त्या वीस टनी क्रेनच्या चार्टची प्रिंट होती. मीच काढून दिली होती, घडी मला दिसत होती.

"हात दाखवायला लावले," आप्पा म्हणाले. आणि हबीसची खूण करून दाखवली.